आमिश की मेनोनाइट: फरक पातेल्यात कमी, पंगतीत जास्त

फिलाडेल्फिया किंवा न्यू जर्सीकडची मराठी घरं भारतातून आलेल्या पाहुण्यांना एखाद्या शनिवारी पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी दाखवायला नेतात. शनिवारीच, कारण रविवारी आमिशांची, म्हणजे मोटार आणि तारेची वीज टाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, दुकानं बंद. रस्त्याला घोडागाड्या दिसतात, बाजारात पांढरी टोपी घातलेली एखादी बाई शूफ्लाय पाय (इंग्रजी ‘पाय’, सारण भरून भाजलेला पदार्थ) विकत असते, आणि परतल्यावर सगळे सांगतात, आमिश लोकांच्या हातचं खाल्लं. ती बाई आमिश असेलही. त्याच मुळातून आलेल्या मेनोनाइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचीही असू शकते. काकवीसारख्या काळ्या मोलॅसिसचा तो पाय चाखून ते ओळखणं कुणाच्या बापाला जमणार नाही. दोघींच्या आज्या एकाच मुलखातून आलेल्या, पाककृतीही एकच.

मग फरक कशात? गंमत अशी की हे दोन पंथ वेगळे झाले त्या भांडणाच्या मुळाशी जेवणच होतं. काय खायचं हा वाद नव्हता, कुणाबरोबर खायचं हा होता.

जानेवारी १५२५ मध्ये झ्यूरिकमधल्या काही जणांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा अमान्य करून मोठेपणी, समजून-उमजून तो पुन्हा घेतला. त्या चळवळीतल्या पुष्कळांना पुढे मेनो सिमन्स या नेदरलँड्समधल्या माजी कॅथलिक धर्मगुरूच्या नावावरून मेनोनाइट म्हणू लागले. १६९३ मध्ये याकोब आमान याने स्वित्झर्लंड आणि आल्सासमधल्या मंडळींपुढे प्रश्न टाकला: नियम मोडला म्हणून मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांतून, काढलेल्या माणसाशी व्यवहार तोडायचा तो फक्त चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीपुरता, की घरच्या ताटापर्यंत? आमानचं म्हणणं, ताटापर्यंत. बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं ‘अशाबरोबर जेवूही नये’ हे वचन त्याच्या हाताशी होतं. समोर होता हान्स राइस्ट. त्याचा सवाल असा की येशू स्वतः जकातदारांच्या आणि पाप्यांच्या पंगतीला बसला, त्याचं काय? दोघांचा आधार बायबलच, त्यामुळे तोड निघाली नाही. आमानच्या मागे गेले ते आमिश.

मराठी वाचकाला हे फार उलगडून सांगावं लागत नाही. वाळीत टाकणं, पंक्तिव्यवहार बंद करणं, हे शब्द आपल्याकडे तयारच आहेत. तरी एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. आमिशांचा बहिष्कार बाप्तिस्मा घेऊन मग नियम मोडणाऱ्यावर असतो. बाप्तिस्म्याआधीच समाज सोडून गेलेला मुलगा आईच्या टेबलाशी खुशाल जेवतो. आणि ज्याच्यावर बहिष्कार आहे त्यालाही उपाशी ठेवत नाहीत, वेगळ्या टेबलावर वाढतात. काही घरांत तर दोन टेबलं थोडं अंतर सोडून मांडतात आणि वरून एकच कापड पसरतात. नियमही पाळला जातो आणि मुलगाही समोर बसतो. या साऱ्या इतिहासात मला ते कापड सगळ्यात बोलकं वाटतं. बहुतेक मेनोनाइट मंडळींत ही प्रथा आज उरलेली नाही.

आमिशांची पंगत बघायची तर रविवारची. त्यांना चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून एक, आळीपाळीने कुणाच्या तरी घरी, कोठारात किंवा तळघरात उपासना होते, ती चांगली तीनेक तास. ती संपली की बसायचे बाक चौकटींवर चढवून त्यांचीच टेबलं होतात. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, वडीलधारे आधी. पहिली पंगत उठली की दुसरी बसते. जेवणाआधी आणि नंतरही मूक प्रार्थना. बेत जवळजवळ ठरलेला: पाव, चीज, काकडीचं लोणचं, बिटाचं लोणचं, कॉफी, लँकेस्टरकडे वाळवलेल्या सफरचंदांचा स्निट्स पाय, आणि पावाला लावायला शेंगदाण्याच्या लोण्यात मार्शमॅलोचं क्रीम व पाक घोटून केलेलं लेपण. हे लेपण बघून पाहुण्यांचा हिरमोड होतो. जुन्या वळणाची माणसं म्हणजे सगळं शेतातलं, सेंद्रिय, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात आमिश स्वयंपाकघरात झटपट पुडिंगची पाकिटं आणि कारखान्यातलं चीज सुखाने नांदतं. बेत साधा आणि ठरलेला ठेवण्यामागे मात्र विचार आहे. पाळी सगळ्यांवर येते, तेव्हा एकीने दुसरीवर ताण करू नये.

जुन्या वळणाचे मेनोनाइटही घोडागाडीने फिरतात, म्हणून घोळ वाढतो. पण त्यांची उपासना साध्या का होईना, सभागृहात होते, त्यामुळे तिथे ही पंगत नाही. ती सुटली की माणसं एकमेकांकडे जेवायला जातात. यातला लँकेस्टरचा वेंगर गट तर घरात वीज वापरतो, फक्त मोटार ठेवत नाही. आमिश घरात बाहेरून विजेची तार येत नाही. फ्रीज आणि शेगडी गॅसवर, पीठ मळायचं यंत्र कधी दाबाखालच्या हवेवर. घोडा बांधून आत येऊन बटण दाबून दिवा लावणारं कुटुंब दिसलं, तर ते मेनोनाइट असण्याचा संभव मोठा. उरलेल्या बहुसंख्य मेनोनाइटांकडे मोटारही आहे आणि मायक्रोवेव्हही. चर्चच्या हॉलमध्ये प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून मांडलेलं पॉटलक ही त्यांची पंगत.

लग्नाचं जेवण मात्र आमिशांचंच सांगायला हवं. लँकेस्टरकडे लग्नं मुख्यतः सुगी आटोपल्यावर, ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत, तीही मंगळवारी नाहीतर गुरुवारी. पाहुणे तीनशेच्या पुढे सहज जातात. मुख्य पदार्थ रोश्ट, म्हणजे भाजलेल्या कोंबडीचं मांस पावाच्या तुकड्यांत मिसळून केलेला प्रकार. आणि सोबत सेलरी. साईच्या रश्श्यात शिजवलेली, कच्ची, शिवाय फुलांऐवजी बरण्यांत उभी करून टेबलावर मांडलेलीही. लग्न जाहीर होईपर्यंत गुपित ठेवायची रीत, पण परसात सेलरीचे वाफे नेहमीपेक्षा जास्त दिसले की शेजारणी काय ते समजतात. मेनोनाइट लग्नात सेलरीला हा मान नाही.

आता पातेल्याकडे. पेनसिल्व्हेनियातले आमिश आणि तिथले जुने मेनोनाइट स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीच्या ऱ्हाइनकाठचे. त्यांना ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतात, पण त्यांचा हॉलंडशी संबंध नाही. तो ‘डॉइच’, म्हणजे जर्मन. दोघांचं खाणं एकच: डुकराच्या उरल्यासुरल्या मांसात मक्याचं पीठ शिजवून वडीसारखं कापून तळलेलं स्क्रॅपल, बिटाच्या आंबटगोड पाण्यात मुरवलेली गुलाबी अंडी, भाज्यांचं मिश्र लोणचं चाउचाउ, वाळवलेली सफरचंदं, हॅम आणि कणकेचे गोळे घालून केलेलं श्निट्स उन क्नेप. ‘बॉट बॉय’ला इंग्रजीत पॉट पाय म्हणतात, पण त्यात पाय नाहीच, कोंबडीच्या रश्श्यात चौकोनी शेवया शिजवतात. आपल्या वरणफळांची आठवण होईल. त्यात चिमूटभर केशर पडतं, आणि ते केशर त्या भागात परसातही पिकवलं जातं. ऍपल बटरमध्ये बटर नसतं. तांब्याच्या मोठ्या कढईत सफरचंदाचा रस आणि फोडी तासन्‌तास ढवळत आटवतात. गुऱ्हाळावरची काहील पाहिलेल्याला ते दृश्य परकं वाटणार नाही. ‘सात गोड, सात आंबट’ पदार्थांशिवाय इथलं ताट पुरं होत नाही असं ऐकाल, ती मुख्यतः पर्यटकांसाठी हॉटेलांनी फुगवलेली गोष्ट.

खरी गोची पुढे आहे. मेनोनाइटांचाच दुसरा मोठा प्रवाह वेगळ्या वाटेने गेला. हे मूळचे नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडचे. ते आधी विस्तुला नदीच्या मुखाशी, आजच्या पोलंडमध्ये स्थायिक झाले. मग रशियाच्या कॅथरिन राणीच्या आमंत्रणावरून १७८९ पासून युक्रेनमध्ये. १८७४ पासून तिथून अनेकांनी अमेरिकेतलं कॅन्सस आणि कॅनडातलं मॅनिटोबा गाठलं. १९२२ मध्ये कॅनडातले काही मेक्सिकोत चिवावाला गेले. त्यांची बोली प्लाउटडीच, आणि चूल जवळजवळ युक्रेनी. त्यांचं बोर्श्त, म्हणजे सूप, बिटाचं लालभडक नसतं, ते कोबीचं. उन्हाळी बोर्श्तात चुका, शेपू, बटाटे आणि ताक असतं. भाजी मंडईतली, पण वर सॉसेजचे तुकडे! वेरेनिकी म्हणजे पनीरसारखं सारण भरून उकळत्या पाण्यात शिजवलेल्या करंज्या, वरून साईचा रस्सा. उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडी आणि रोलकुखन, म्हणजे तळलेल्या पिठाच्या पट्ट्या, हेच रात्रीचं जेवण.

आणि त्स्वीबाक. शनिवारी घरोघर भाजायचा दुमजली बन, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा. तोच पुन्हा भाजून कडक केला की महिनोन्‌महिने टिकतो. बोटीने अमेरिकेला निघालेल्या कुटुंबांनी हे त्स्वीबाक भरून घेतले होते. रविवारी दुपारी कॉफी, त्स्वीबाक, चीज, थंड मांस आणि मुरंबा असं हलकं खाणं असतं, त्याला फास्पा म्हणतात. पाहुणे आले तरी चूल पेटवायची नाही. चिवावातल्या या मंडळींचं चीज मेक्सिकोत ‘केसो मेनोनिता’ म्हणूनच खपतं. लँकेस्टरच्या मेनोनाइट बाईला यातलं काही आजीकडून आलेलं नसतं. तिचं ताट जुळतं ते शेजारच्या आमिश बाईशी.

वर, आज जगातली सगळ्यात मोठी मेनोनाइट मंडळी इथिओपियात आहे, तिथे ताटात डोशासारखा आंबवलेल्या पिठाचा इंजेरा असतो. भारतातही मेनोनाइट लाखोंच्या घरात आहेत, मोठा भाग तेलंगणात. छत्तीसगडातल्या धमतरीला अमेरिकन मेनोनाइट १८९९ मध्ये आले, दुष्काळाच्या काळात. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपूरहून चाले. तिथल्या मेनोनाइट घरात शूफ्लाय पाय शोधू नये.

एकमेकांची ओळख काढताना मेनोनाइट लोक आपल्यासारखंच आडनाव आणि गाव विचारतात. फ्रीझेन, पेनर, वीबे असेल तर वेरेनिकी. स्टोल्ट्झफस असेल तर स्निट्स पाय. योडर असेल तर पदार्थ कळतो, पंथ कळत नाही, कारण योडर दोन्हीकडे आहेत. तेव्हा त्या पांढऱ्या टोपीवाल्या बाईला एवढंच विचारावं, की गेल्या रविवारी दुपारी जेवायला कुठे होतात?