टायर कुठूनही घ्या, पण आधी जुन्या टायरवरचा बारीक आकडा वाचा

आमच्या सायकलच्या दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतंच, "हेच मोठ्या स्टोअरमध्ये स्वस्त मिळतं, मग तुमच्याकडून का घ्यायचं?" आणि त्याच संध्याकाळी दुसरं कुणीतरी त्या मोठ्या स्टोअरमधून आणलेला टायर पुढे करून म्हणतं, "एवढा बसवून द्या ना, पाच मिनिटांचं तर काम आहे." पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे, दुसऱ्याचं अगदी छोटं, तो टायर तुमच्या चाकाचा नाहीच. दोन्ही उत्तरं देऊन देऊन घसा बसायची वेळ आली म्हणून आता कागदावर उतरवून काउंटरवर ठेवलीयेत, सायकलचं काम होईपर्यंत बाकावर बसून निवांत वाचा.

आधीच सांगून टाकतो, मोठ्या स्टोअरशी आमचं भांडण नाही. हेल्मेट घ्यायचं असेल तर आम्हीच सांगतो तिकडे जा, कारण हेल्मेट डोक्यावर घालून, पट्टा लावून, मान हलवून बघितल्याशिवाय घेऊच नये आणि त्यासाठी एकाच मॉडेलच्या तीन-चार साइज समोर लागतात, आमच्याकडे एवढा माल ठेवायला जागाही नाही आणि तेवढे पैसे अडकवणं परवडतही नाही. हातमोजे, बाटली, लाइट, कुलूप, पंप हा माल ते हजारोंनी उचलतात आणि आम्ही डझनाने, तेव्हा तिथे भावात आम्ही त्यांच्यापुढे टिकत नाही आणि टिकतो असा आवही आणत नाही. शिवाय बिल दाखवलं की ते वस्तू परत घेतात, ही खरंच चांगली सोय आहे. (आम्हीही घेतो, फक्त पाकीट फोडलेलं नसावं आणि टायरला माती लागलेली नसावी. लागलेली असते, म्हणून लिहितोय.)

आमचा हिशोब साधा आहे. जी वस्तू एकटीच वापरायची ती जिथे स्वस्त मिळेल तिथून खुशाल घ्या. जी तुमच्या सायकलच्या दुसऱ्या एखाद्या पार्टवर बसायची आहे ती घेताना आधी बसते का ते बघा आणि मग भाव बघा. यात सगळ्यात जास्त घोळ टायरचा होतो, निम्मा कागद त्याच्यावरच जाणार आहे, कंटाळू नका.

"२६ चा टायर द्या"

मध्यंतरी एक गृहस्थ आले. स्टोअरमध्ये सेल होता म्हणून २६ च्या टायरची जोडी घेतलेली, जुन्या टायरवर २६ लिहिलेलं, नव्यावरही २६ लिहिलेलं, मग अडचण काय असणार, असं कुणालाही वाटेल. घरी बसून दोन तास त्यांनी तो टायर स्क्रू ड्रायव्हरने रिमवर चढवायचा प्रयत्न केला. आमच्याकडे आले तेव्हा टायरच्या कडेतली तार वाकलेली, ट्यूबला दोन ठिकाणी चिमटा बसून भोकं पडलेली, रिमची कड खरवडलेली आणि अंगठ्याला पट्टी. तार वाकलेला टायर स्टोअर परत घेईना, घेणार तरी कसं. आम्ही जुना टायर ओल्या फडक्याने पुसला आणि दोन्ही टायर शेजारी ठेवून कडेचे बारीक आकडे दाखवले. जुना ३७-५९०, नवा ५०-५५९. यातला दुसरा आकडा व्यासाचा, म्हणजे व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक, तीन सेंटीमीटरच्या वर, तिथे पैलवान आणला तरी टायर चढत नाही.

आता हा २६ नेमका कशाचा? जुन्या काळापासून तो हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास धरला जातो, इंचात आणि तोही अंदाजे. बाहेरून २६ इंचच ठेवायचं आणि टायर जाड करायचा तर आतली रिम लहान करावी लागते, टायर बारीक करायचा तर रिम मोठी चालते. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांनी हे आपापल्या परीने केलं, त्यामुळे २६ याच नावाखाली ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ अशा पाच तरी रिमा आहेत आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

त्यातून गंमत अशी की २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ हे गणितात सारखेच, शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळतील, पण पहिला ५५९ च्या रिमचा आणि दुसरा ५७१ च्या. दशांशात लिहिलेला टायर आणि अपूर्णांकात लिहिलेला टायर हे वेगळे समजा, एवढं पाठ केलं तरी अर्धे घोटाळे मिटतील. अजून एक, २९ च्या माउंटन बाइकची रिम ६२२ असते आणि जुन्या रोड सायकलच्या २७ ची रिम ६३०, म्हणजे २७ वाली २९ पेक्षा मोठी! ७०० सी म्हणतात ती पुन्हा ६२२ च. आणि २८ म्हणाल तर त्यात ६२२ पण येते आणि २८ × १ १/२ असेल तर ६३५ येते. आम्ही हे रोज बघतो म्हणून डोक्यात बसलंय, तुम्ही लक्षात ठेवायची अजिबात गरज नाही.

कारण हा गोंधळ सोडवणारी एक पद्धत आहे, आयएसओ ५७७५ नावाचं मानक आहे आणि त्याप्रमाणे टायरच्या कडेला दोन आकडे असतात, मध्ये आडवी रेघ, जसं ३७-५९० किंवा ५०-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, तिथे एकाचाही फरक चालत नाही. पहिल्यात थोडं इकडेतिकडे चालतं, ३७ च्या जागी ४० बहुतेक वेळा बसतो, फक्त मडगार्ड, ब्रेक आणि फ्रेमला घासत नाही ना ते बघावं लागतं.

हा आकडा मोठ्या अक्षरात नसतो हीच पंचाईत. कंपनीचं नाव पांढऱ्या रंगात भलंमोठं असतं, २६ ही ठळक असतो आणि कामाचा आकडा काळ्या रबरावर काळाच, नुसता उठावाचा आणि बरेचदा धुळीखाली. ओलं फडकं फिरवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, सावली पडली की लगेच दिसतो. फोटो काढून ठेवा. मग टायर आमच्याकडून घ्या नाहीतर स्टोअरमधून घ्या, तो फोटो दाखवून घ्या.

चूक फक्त गिऱ्हाइकाचीच होते असं नाही. एकदा आम्हीच घाईत "२८ चा" ऐकलं आणि ६३५ च्या जागी ६२२ चा टायर बांधून दिला, बिचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. तेव्हापासून आम्ही बिलावर टायरचे दोन्ही आकडे लिहितो. म्हणजे पुढच्या वेळी तुमच्याकडे टायर पुसायला फडकं नसलं तरी आमचं बिल असेल.

ट्यूब आणि चेनचं थोडक्यात

ट्यूब घेताना वॉल्व्ह बघा. जाड वॉल्व्ह मोटारीच्या चाकाला असतो तसा, त्याला श्रेडर म्हणतात, बारीक असतो तो प्रेस्टा. जाड वॉल्व्ह बारीक भोकात जातच नाही, तिथे चूक लगेच कळते. बारीक वॉल्व्ह मोठ्या भोकात मात्र आरामात जातो आणि तिथेच फसायला होतं, तो आत हलत राहतो, मुळाशी घासतो आणि काही दिवसांनी नेमका तिथे फाटतो जिथे पॅच चिकटत नाही. ड्रिलने रिमचं भोक मोठं करून आणलेल्याही एकदोन रिमा आम्ही बघितल्यात, कृपा करून करू नका.

चेन घेताना मागच्या चाकाच्या चकत्या (दातेरी चक्रं) मोजा, पुढच्या नको. मागे आठ असतील तर आठची चेन, अकरा असतील तर अकराची, कारण चकत्या वाढतात तशी चेन बारीक होत जाते. आणि नवी चेन घातल्यावर जोरात पायडल मारलं की घसरते, "तुमची चेन डुप्लिकेट आहे" अशी तक्रार येते ना, त्यात चेनचा दोष क्वचित असतो. जुनी चेन फार दिवस चालवली की ती लांबते आणि चकत्यांचे दात आपल्यासारखे घासून घेते, मग नव्या चेनचं त्यांच्याशी जमत नाही. घरी तपासायचं असेल तर साधी १२ इंची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, १२ वर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली, १/८ पुढे गेला असेल तर चकत्याही बहुतेक बदलाव्या लागतील. वेळेवर मोजलीत तर आमची चेन विकली जाईल आणि चकत्यांचा सेट विकला जाणार नाही, तरीही सांगतोय.

खोक्यातली सायकल

अख्ख्या सायकलचा भाव तिकडे कमी दिसतो, बरोबर आहे. पण तुलना करताना खोक्यातली सायकल आणि चालवायला तयार सायकल यांची तुलना होते आणि आम्हाला खटकतं ते तिथे. सायकल फॅक्टरीतून अर्धी जुळवलेली येते, हँडल, पुढचं चाक, सीट, पायडल सुटं. ती जुळवतो कोण यावर पुढचं सगळं. मोठ्या स्टोअरमध्ये चांगले मेकॅनिक नसतात असं म्हणणार नाही, आमच्याकडे शिकलेला एक मुलगा अशाच ठिकाणी आहे आणि त्याचा हात आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. पण जिथे दिवसाला किती खोकी उघडली ते मोजतात तिथे चांगला हातही घाई करतो.

तिकडून घेतलीत तर दुकानातून बाहेर पडायच्या आधी दोन गोष्टी बघा. पुढचा ब्रेक रिमवर लागणारा असेल तर तो चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) पुढच्या बाजूला हवा, फ्रेमकडे तोंड करून बसला असेल तर चिमटाच उलटा लावलाय, हसू नका, अशा सायकली येतात. दुसरं म्हणजे डावं पायडल. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या दिशेने पिळलं की सुटतं आणि उलट्या दिशेने आवळतं, चालवताना पायडल आपोआप ढिलं होऊ नये म्हणून तशी रचना आहे. पायडलच्या दांड्यावर बारीक एल आणि आर कोरलेलं असतं. घाईत डाव्याला उजवं लावून पान्याने जोर दिला की ते तिरकं घुसतं, पायडलचा दांडा पोलादी आणि क्रँक (पायडल जिच्यात बसतं ती दांडी) ॲल्युमिनियमची, मग आटे कुणाचे जाणार ते कळलंच असेल. पहिल्या आठवड्यात पायडल "टकटक" वाजायला लागलं तर चालवू नका, ढकलत घेऊन या, आटे अजून थोडे शिल्लक असतील तर वाचवता येतात.

आमच्याकडे सायकल देताना दोन्ही चाकांचा आउट (डगमग) काढतो, आऱ्यांचा ताण हाताने तपासतो, वाटी-छर्ऱ्यांना ग्रीस भरतो (नव्या सायकलमध्येही बरेचदा कोरडेच येतात) आणि सीट तुमच्या पायाच्या मापाला लावून देतो. म्हणून आज मागितली तर उद्या मिळते, तेवढं थांबावं लागतं. पहिल्या महिन्यात गिअरच्या वायर सैल होतात आणि आरे जागेवर बसतात, त्यासाठी एक सर्व्हिस आमच्याकडून घेतलेल्या सायकलला मोफत आहे. दुसरीकडून घेतलेल्या सायकलचीही करतो, पैसे घेऊन करतो, पण हात तोच लावतो.

मजुरीबद्दल, कारण इथे लोक रागावतात

आमच्याकडून टायर घेतला तर बसवायचे पैसे घेत नाही, बाहेरून आणला तर पूर्ण मजुरी घेतो. काही जणांना वाटतं आम्ही राग काढतोय. तसं नाही, टायर विकण्यात जे चार पैसे सुटतात त्यातूनच बसवायची मजुरी निघते, टायरच आमचा नसेल तर ती दुसरीकडून कुठून काढणार. आणि आणलेला टायर चुकीचा निघाला तर तो काढायला, दाखवायला आणि समजावून सांगायला बसवण्याइतकाच वेळ जातो, त्याचे मात्र आम्ही आजपर्यंत घेतलेले नाहीत. बाहेरच्या पार्टची गॅरंटी आमची नाही, बसवल्याची आमची आहे, बिलावर तसं लिहून देतो.

फोनवर "अंदाजे किती होतील" विचारलं तर आम्ही टाळतो तेही याचसाठी, सायकल स्टँडवर चढवून चाक फिरवल्याशिवाय सांगितलेला आकडा तुमच्याही उपयोगाचा नाही आणि नंतर वाद होतो. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून सायकलबरोबर देतोच, घरी ठेवा किंवा फेका.

टायरचा फोटो पाठवणार असाल तर तो दोन आकड्यांचा पाठवा, अख्ख्या सायकलचा सुंदर फोटो येतो त्यातून काही कळत नाही. आकडा पार झिजून गेला असेल तर नुसतं चाक घेऊन या, रिमच्या आतल्या पट्टीखाली बरेचदा सापडतो, नाहीतर आम्ही मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. शक्यतो सकाळी या, संध्याकाळी शाळा सुटल्यावर पंक्चरची रांग लागते.