रॅमवरचा पत्रा आणि खान्देशातलं ऊन

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक सल्ला हमखास मिळतो. "भाऊ, साधी रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती स्मृती) नका घेऊ, आपल्या उन्हात टिकणार नाही. ही पत्र्याची घ्या." मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे सल्ला लगेच पटतो. गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवणारी पोरं मग रंगीत दिव्यांची, उष्णता बाहेर टाकायला म्हणून जाड पत्रा लावलेली, चकचकीत खोक्यातली रॅम घरी नेतात. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली बरीच क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळवली. अशा वेळी खोक्यावर आणि पत्र्यावर गेलेला प्रत्येक रुपया आत काय आहे त्यावर खर्च व्हायला हवा होता, असं मला कळकळीनं वाटतं.

"हाऊ पत्रा कशाले शे?" (हा पत्रा कशासाठी आहे?) असा साधा प्रश्न कुणी विचारला, तर उत्तरासाठी पत्र्याखालच्या काळ्या चिपमध्ये शिरावं लागतं.

तिथे जे चालतं, ते मला आजही थक्क करतं. रॅमच्या आठ जीबीच्या एका पट्टीत ६,८७१ कोटींहून जास्त पेशी असतात, प्रत्येकीत एक बिट, म्हणजे ० किंवा १. प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर (इवलासा स्विच) आणि एक कपॅसिटर (भार साठवणारा भाग), बस्स. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. पण हा कपॅसिटर इतका इवलासा, की 'भरलेला' म्हणजे त्यात फार तर काही दहा हजार इलेक्ट्रॉन. आणि तो गळका असतो. माठातून पाणी झिरपावं तसा भार झिरपत राहतो. म्हणजे आपण लिहिलेलं पत्र, उघडलेला फोटो, चालू असलेला खेळ, सगळं सतत विरत असतं.

ते विरून जाण्याआधी वाचायचं आणि पुन्हा लिहायचं, एवढाच उपाय. वाचण्याची पद्धत फार देखणी आहे. पेशींच्या एका लांब ओळीसाठी तारा असतात, त्यांना बिटलाइन म्हणतात. वाचण्याआधी प्रत्येक बिटलाइन बरोबर निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. डीडीआर-४ या पिढीची रॅम चिप १.२ व्होल्टवर चालते, तर बिटलाइन ०.६ व्होल्टवर. मग ओळीतले सगळे ट्रान्झिस्टर एकदम उघडतात आणि प्रत्येक पेशी आपला भार आपापल्या तारेत सोडते. पेशी भरलेली असेल तर तारेचं व्होल्टेज किंचित चढतं, रिकामी असेल तर किंचित उतरतं. तार पेशीपेक्षा पुष्कळ मोठी असल्यामुळे हा फरक अगदी थोडा असतो. तारेच्या टोकाला बसलेला सेन्स अँप्लिफायर तो ओळखतो. तो म्हणजे एकमेकांना उलटे जोडलेले दोन इन्व्हर्टर (१ चं ० आणि ० चं १ करणारी मंडलं). त्यांचं संतुलन एका बाजूला केसभर झुकलं की ते स्वतःच त्या बाजूला पूर्ण कोसळतात, आणि तार थेट शून्यावर किंवा पूर्ण व्होल्टेजवर जाते. ट्रान्झिस्टर अजून उघडेच असतात, त्यामुळे तेच पूर्ण व्होल्टेज पेशीत परत शिरतं. वाचताना पेशीतला भार निघून गेलेला असतो, तो वाचण्याच्याच क्रियेत पुन्हा भरला जातो. यालाच रिफ्रेश म्हणतात.

डीडीआर-४ च्या मानकानुसार प्रत्येक पेशी ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी अशी ताजी व्हायला हवी. त्यासाठी रॅमला आज्ञा देणारा कंट्रोलर त्या वेळात ८,१९२ रिफ्रेश आज्ञा देतो, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. आठ गिगाबिटच्या चिपला एक आज्ञा पुरी करायला ३५० नॅनोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती दुसरं काही करू शकत नाही. ३५० भागिले ७,८०० केलं तर साडेचार टक्के. इतका वेळ रॅम नुसती स्वतःची आठवण टिकवण्यात घालवते.

आता उन्हाकडे येऊ. तापमान वाढलं की गळती वाढते, ढोबळमानानं दर दहा अंशांना दुप्पट. याचा सगळ्यात सुंदर पुरावा उलट्या बाजूनं मिळाला. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी चालू कॉम्प्युटरमधल्या रॅमवर धूळ उडवायचा दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून फवारा मारला, चिप उणे ५० अंशांपर्यंत थंड केली आणि वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट पुसले गेले होते. वीज गेली की रॅम लगेच कोरी होते, हा समज त्या प्रयोगानं मोडीत काढला.

मानकानं ही गोष्ट आधीच धरलेली आहे. चिपचं तापमान ८५ अंशांच्या खाली असेल तर ६४ मिलिसेकंद पुरतात. ८५ ते ९५ च्या दरम्यान रिफ्रेश दुप्पट वेगानं करावा लागतो, ७.८ ऐवजी ३.९ मायक्रोसेकंदांनी. मग मघाचे साडेचार टक्के नऊ होतात. ६४ मिलिसेकंदांची मुदत सगळ्यात कमजोर पेशींचा विचार करून ठेवलेली आहे. बहुतेक पेशी त्याहून कितीतरी जास्त वेळ भार धरून ठेवतात.

एक साधी पट्टी साधारण ३ ते ५ वॅट वापरते, तीही आठ-सोळा चिपांमध्ये विभागून. धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या घरात दुपारी खोलीत ४२ अंश असले आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती असली, तर पत्रा नसलेली पट्टीसुद्धा ८५ च्या बरीच खाली राहते. टोरांटो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या हजारो सर्व्हरांतल्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमानाचा रॅममध्ये होणाऱ्या चुकांवर परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी आढळला.

पत्रा कामाचा कधी ठरतो? व्होल्टेज वाढवून, मानकापेक्षा जास्त वेगानं चालवायच्या डीडीआर-५ पट्ट्यांवर. डीडीआर-५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप मदरबोर्डवरून पट्टीवरच आली आहे आणि ती स्वतः तापते. अशा वेळी पत्रा तिला आणि मेमरी चिपांना दोघांनाही टेकलेला आहे का, मधला उष्णता वाहणारा पॅड सलग आहे का, हे पाहावं. नुसता डिंकानं चिकटवलेला पातळ पत्रा शोभेचा. पट्टीची मूळ उंची ३१ मिलिमीटरच्या आसपास असते. वर दिव्यांची पट्टी चढवली की ती प्रोसेसरच्या मोठ्या पंख्याला अडते, हाही दोषच.

खोक्यावरच्या आकड्याबद्दलही बोललंच पाहिजे. '३२०० मेगाहर्ट्झ' छापलेलं असतं, पण खरं घड्याळ १,६०० मेगाहर्ट्झचं. एका ठोक्यात दोनदा माहिती जाते म्हणून ३,२००. शेजारचा सीएल हा आकडा म्हणजे आज्ञेनंतर किती ठोके थांबायचं. सीएल-१६ आणि १,६०० मेगाहर्ट्झ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर-५ ची ६००० ची सीएल-३० पट्टी घ्या, घड्याळ ३,०००, ठोके ३०, पुन्हा १० नॅनोसेकंद. पहिल्या पिढीची डीडीआर-४०० घ्या, सीएल-२, घड्याळ २००, तरी १०. वीस वर्षांत खोक्यावरचा आकडा पंधरापट झाला आणि थांबण्याचा वेळ तिथेच राहिला, कारण त्या इवल्या भारातला फरक ओळखून तो बाहेर पोचवायला लागणारा वेळ फारसा कमी झालेला नाही. वाढली ती एका खेपेत बाहेर येणारी माहिती. आणि ४८०० ची सीएल-४० पट्टी तर जवळपास १७ नॅनोसेकंद लावते. म्हणून घेताना सीएलला घड्याळानं भागून पाहावं, आणि एका भारी पट्टीऐवजी दोन साध्या पट्ट्या दोन चॅनलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांमध्ये) लावाव्यात. वाटेची रुंदी दुप्पट होते. खोक्यावरचा वेगही बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चालू केल्याशिवाय सहसा मिळत नाही.

मोबाईलवरचे 'रॅम साफ करा' म्हणणारे अ‍ॅप आणि कॅबिनेटवर चिकटवायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर यांना थारा देऊ नये. भरलेली रॅम म्हणजे आजारी रॅम नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम ती मुद्दाम भरून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी फाइल लवकर उघडते. आणि स्टिकर काहीही शोषत नाही.

वेष्टनाला मात्र मी खरंच महत्त्व देतो, तेही खान्देशासाठी जास्त. आपला उन्हाळा कोरडा आहे आणि कोरड्या हवेत स्थिर विद्युत लवकर साचते. बोटाला ठिणगी जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला दुखावू शकते. म्हणजे आपल्याला काही कळतही नाही आणि पट्टी खराब होते. चांगल्या वेष्टनात पट्टी कडांवर धरलेली असते, सोनेरी पिनांना काही घासत नाही. पट्टी ठेवायची गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी फक्त स्वतः भार तयार करत नाही. चंदेरी, धातूचा थर असलेली पिशवी बाहेरचा भारही अडवते. जुनी पट्टी साध्या कॅरीबॅगेत किंवा थर्माकोलमध्ये गुंडाळून कुणी दिली तर घेऊ नये. बसवण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

डीडीआर-५ पट्टीवर तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचा आकडा दिसतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, कूलर बंद ठेवून तासभर जड खेळ चालवावा आणि तो आकडा वाचावा. ६० च्या घरात असेल तर पत्र्याची चिंता सोडावी. ८० च्या वर जात असेल तर आधी कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ काढावी, समोर एक १२० मिलिमीटरचा पंखा लावावा आणि पुन्हा मोजावं.