प्रेस : एका दाबाचे अनेक अर्थ

नाशिकरोडला कुणी ‘प्रेसला आहे’ म्हटलं, तर तो पत्रकार असेल असं सहसा मनात येत नाही. इथे प्रेस म्हणजे १९२५ सालचं भारत प्रतिभूती मुद्रणालय, नाहीतर १९२८ पासून नोटा छापणारं चलार्थ पत्र मुद्रणालय. त्याच गावात इस्त्रीवाला कपडे प्रेस करतो, पुढारी ‘प्रेस घेतात’ आणि दिंडोरीकडच्या वायनरीत द्राक्षांसाठीही प्रेसच असतो.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ साधा, दाबणे. त्याला फांद्या फुटल्या त्या यंत्रामुळे. युरोपात द्राक्षं पिळायला लाकडी स्क्रूचा प्रेस छपाईच्या कितीतरी आधीपासून होता. पंधराव्या शतकाच्या मध्यात गुटेनबर्गने जर्मनीत स्क्रूचाच दाब छपाईला लावला. पुढे छापखाना प्रेस झाला, मग वर्तमानपत्रं आणि शेवटी त्यात लिहिणारी माणसंही. आपलं काव्यशास्त्र याला लक्षणा म्हणतं.

या घराण्याचे दोन्ही टोकांचे प्रेस आज नाशिकमध्ये चालतात, आणि दोन्हीकडचं कसब दाबाचंच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. वायनरीच्या न्यूमॅटिक प्रेसमध्ये हवेने फुगणारा पडदा द्राक्षं हळूहळू दाबतो. दाब जास्त झाला, तर साली-बियांतलं टॅनिन उतरून रस तुरट होतो. नोटेच्या इंटॅग्लिओ छपाईत मात्र दाब जबरदस्तच लागतो. कोरलेल्या प्लेटच्या खाचांत शाई भरतात आणि कागद इतक्या जोराने दाबतात, की तो खाचेत शिरून शाई उचलतो. शंभराच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, हा उठाव हाताला लागेल. दृष्टिहीनांना नोट ओळखायला त्याची मदत होते.

‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, संहार होतात, तसंच इथेही घडलं. कॉम्प्रेसर हवा एकत्र दाबतो, डिप्रेशन खाली दाबतं, एक्स्प्रेस बाहेर. दाबून बाहेर आलेलं ते स्पष्ट, स्पष्ट म्हणजे खास त्याच कामासाठीचं; म्हणून खास सोडलेली गाडी एक्स्प्रेस. वेगाचा अर्थ तिला नंतर चिकटला.

नुसत्या उच्चारावरून नातं जोडू नये. सम्राज्ञी या अर्थाचा ‘एम्प्रेस’ या कुळातला नाही. तो हुकूम देण्याच्या लॅटिन धातूवरून आला. ब्रिटिश नौदलात माणसं पकडून सक्तीने भरती करायचे, त्या ‘प्रेस’चं मूळ तर आगाऊ दिलेल्या पैशात आहे.