अवकाश कायद्यात करिअर: पुण्यातून प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

2 एप्रिल 2022 च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून आगीचे लोळ जाताना अनेकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली. आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांचं मत पडलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण ती रिंग एखाद्याच्या घरावर पडली असती, तर भरपाई कुणाकडे मागायची? याचं उत्तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारात आहे: जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपण करणारा देश जबाबदार, त्याची चूक सिद्ध करायची गरज नाही. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 हा उपग्रह 1978 मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने याच आधारावर दावा लावला आणि शेवटी 30 लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

हा झाला अवकाश कायद्याचा एक तुकडा. या क्षेत्रात जायचं असं ठरवून पुण्यातली अनेक मुलं ‘स्पेस लॉ’ नावाचा पदवी अभ्यासक्रम शोधायला लागतात. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: इथे जाण्याचा रस्ता नेहमीच्या एलएलबीतूनच जातो. त्यामुळे पहिली लढाई सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) आणि दाखल्यांची आहे. मुलं अभ्यासात कमी पडत नाहीत, कागदपत्रांत अडकतात. म्हणून या लेखात दाखल्यांना जास्त जागा दिली आहे.

पाच वर्षं की तीन वर्षं

बारावीनंतर पाच वर्षांचा बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी करता येतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी आहे. दोन्हींसाठी किमान गुणांची अट सारखीच: खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीला 42 टक्के, एससी आणि एसटीला 40 टक्के. तीन वर्षांसाठी हे टक्के पदवीचे, पाच वर्षांसाठी बारावीचे. कमाल वयाची अट नाही. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर मात्र बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएलबीला प्रवेश मिळत नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही.

माझं मत विचाराल तर या क्षेत्रासाठी बीई किंवा बीएस्सीनंतरचा तीन वर्षांचा मार्ग जास्त उपयोगी आहे. उपग्रहाची कक्षा, फ्रिक्वेन्सी बँड, इंधन संपल्यावर उपग्रहाचं काय करायचं, हे ज्याला समजतं तो करारातली कलमं वेगळ्या नजरेने वाचतो. आणि पुण्यात असे पदवीधर भरपूर आहेत. हिंजवडीतली नोकरी सांभाळून एलएलबी करण्याचा विचार असेल, तर आधी हे लक्षात घ्या: बार कौन्सिलची मान्यता फक्त नियमित अभ्यासक्रमाला आहे, दूरस्थ एलएलबी चालत नाही, आणि किमान 70 टक्के हजेरी लागते.

सीईटी आणि कॅप

राज्य सीईटी कक्ष दरवर्षी दोन्ही अभ्यासक्रमांसाठी वेगवेगळी परीक्षा घेतो. नोंदणी ऑनलाइन, परीक्षा संगणकावर, पेपर इंग्रजी आणि मराठीत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी, कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान आणि तर्क हे मुख्य विभाग. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं गणितही असतं.

निकालानंतर कॅपसाठी पुन्हा स्वतंत्र नोंदणी करावी लागते. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे कॅपचा भरला, या समजुतीत दरवर्षी काही मुलं राहून जातात. कॅपमध्ये कागदपत्रं अपलोड करायची, ई-स्क्रुटिनीत म्हणजे ऑनलाइन तपासणीत त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करायची, मग गुणवत्ता यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि फेऱ्या. पसंतीक्रम भरताना ‘मिळेल का’ याचा विचार नको. जे हवं ते आधी लिहायचं.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं आयएलएस (स्थापना 1924) आणि इतर संलग्न महाविद्यालयं कॅपमधून मिळतात. सिम्बायोसिस आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं आहेत. त्यांचे प्रवेश वेगळे, सिम्बायोसिससाठी स्लॅट ही स्वतंत्र परीक्षा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं असेल तर क्लॅट.

दाखले: इथे घाई चालत नाही

सगळ्यांना लागणारे कागद असे: दहावी आणि बारावीची गुणपत्रकं, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, पदवीच्या सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, सीईटीचं स्कोअरकार्ड, वय-अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. अधिवासाचा दाखला ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. दहावीच्या गुणपत्रकावर एक नाव, आधारवर दुसरं आणि दाखल्यावर तिसरं अशी अवस्था असेल, तर ती सीईटीचा फॉर्म भरण्याआधी सरळ करून घ्या.

राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर खरं काम इथे आहे. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तेवढ्यावर भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. पुण्यातल्या जिल्हा पडताळणी समितीचं काम विश्रांतवाडीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवनातून चालतं. एसटी प्रवर्गासाठी समिती वेगळी आहे. विद्यार्थ्याचा अर्ज नमुना 16 मध्ये, सोबत वंशावळीचं शपथपत्र नमुना 3 मध्ये आणि माहिती खरी असल्याचं शपथपत्र नमुना 17 मध्ये. कॉलेजचं शिफारसपत्रही लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग मूळ कागदांची फाईल द्यायची.

या फाईलचा कणा म्हणजे जुना पुरावा. एससी असाल तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, व्हीजेएनटी असाल तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुना खरेदीदस्त, यांतलं काही ना काही शोधावं लागतं. शाळा गावाकडची असेल, आजोबांचं नाव ‘तुका’ असं लिहिलेलं असेल आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘तुकाराम’ असेल, तर ही दोन नावं एकाच माणसाची आहेत हे शपथपत्रात लिहून द्यावं लागतं. वडिलांकडच्या जवळच्या नात्यात, म्हणजे वडील, सख्खे काका, आत्या किंवा भावंडं यांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आधी जोडा. काम खूप सोपं होतं. हे सगळं पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला हाती घ्या, बारावीतली मुलं असतील तर अकरावी संपताच. अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेश मिळेल या भरवशावर राहू नका.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्रही लागतं, आणि ते प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत वैध असायला हवं. एससी-एसटीला ते लागत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला घेताना तो राज्याच्या विहित नमुन्यातला आहे ना, हे बघा. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही.

शुल्काबाबत: कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. कॉलेज निवडताना हा फरक घरी बसून मांडायला हवा, कारण पाच वर्षांत तो काही लाखांचा होतो.

कॉलेजात असताना काय वाचायचं

भारतात अवकाश क्षेत्रासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. 2017 मध्ये मसुदा आला होता. सध्या काम चालतं ते भारतीय अवकाश धोरण 2023 आणि खासगी अवकाश कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या केंद्र सरकारच्या संस्थेने मे 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियम-कार्यपद्धतीवर. या सगळ्याच्या मुळाशी 1967 च्या बाह्य अवकाश कराराचं सहावं कलम आहे: खासगी कंपनीने अवकाशात काही केलं तरी जबाबदारी देशाची, म्हणून देशाने तिला परवानगी द्यायची आणि तिच्यावर सतत देखरेख ठेवायची. भारताने हा करार 1982 मध्ये मंजूर केला.

म्हणजे इथल्या वकिलाचं रोजचं काम परवानगीची फाईल उभी करण्याचं आहे. समजा पुण्यातल्या एका कंपनीला पिकांचे फोटो काढणारा छोटा उपग्रह सोडायचा आहे. अर्जदार भारतीय संस्थाच हवी, म्हणून आधी नोंदणीचे कागद आणि भागधारकांची माहिती. परदेशी गुंतवणूक असेल तर 2024 चे नियम बघायचे: उपग्रह निर्मिती आणि चालवण्यात 74 टक्क्यांपर्यंत, प्रक्षेपण वाहनांत 49 टक्क्यांपर्यंत आणि सुट्या भागांत 100 टक्क्यांपर्यंत गुंतवणूक आपोआप मार्गाने, त्यापुढे सरकारी मंजुरी. अर्ज अहमदाबादच्या इन-स्पेसकडे, त्यांच्या डिजिटल पोर्टलवर. फ्रिक्वेन्सीसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे वेगळा अर्ज, आणि त्यांच्यामार्फत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे नोंद. उपग्रह निकामी झाल्यावर तो कक्षेतून कसा हटवणार याचा आराखडा, दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा, आणि फोटो कुणाला विकणार याची माहिती. या प्रत्येक कागदामागे एकेक कलम आहे. इन-स्पेसचा तो दस्तावेज मोफत मिळतो. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षात तो पूर्ण वाचून, अशा एका काल्पनिक कंपनीचा अर्ज स्वतः भरून बघा. कोणत्याही प्रमाणपत्र कोर्सपेक्षा याने जास्त शिकाल.

सोबत मॅनफ्रेड लाक्स स्पेस लॉ मूट कोर्ट (काल्पनिक खटला लढवण्याच्या) स्पर्धेसाठी कॉलेजचा संघ उभा करा. तिची अंतिम फेरी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश ऐकतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये इस्रोच्या रॉकेट मोटारींची आवरणं तयार होतात, तेव्हा पुण्याजवळ उद्योगही आहे. इंटर्नशिपची विचारणा करताना फक्त बंगळुरूच्या कंपन्यांच्या मागे लागायचं कारण नाही.

सनद

पदवीनंतर वकिलीच्या सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. पदवी, गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि गुन्हा प्रलंबित नसल्याचं शपथपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानुसार नोंदणी शुल्क 750 रुपयांहून जास्त घेता येत नाही, एससी-एसटीसाठी 125 रुपये. नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. एखाद्या उपग्रह कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित करून घ्यावी लागते. हे कौन्सिलला न कळवणं महागात पडू शकतं.

पुढचं शिक्षण आणि परदेशी शिष्यवृत्ती

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाचा अवकाश आणि दूरसंचार कायद्यातला दूरस्थ एमए आहे. परदेशात नेदरलँड्समधलं लायडन आणि माँट्रियलचं मॅकगिल या विषयासाठी ओळखले जातात.

खर्च मोठा आहे, पण त्याच्या अर्जाचे दोन महत्त्वाचे दरवाजे पुण्यातच आहेत. एससी विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, अर्ज समाजकल्याण आयुक्तालयाकडे: वर्षाला 75 विद्यार्थी, पदव्युत्तरसाठी वयोमर्यादा 35, उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते आणि मुदत थोडी असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट आणि मुंढव्याच्या सेवा केंद्रातून काढलेला पासपोर्ट आधीच तयार ठेवा. प्रवेशपत्र ‘अनकंडिशनल’ हवं. ‘अंतिम निकालाच्या अधीन’ असा शेरा असलेलं पत्र जोडून अर्ज बाद होऊ देऊ नका. निकाल लागताच गुणपत्रक परदेशी विद्यापीठाला मेल करा आणि सुधारित पत्र मागवून घ्या.