कंबरेचं माप पाठवण्याआधी एवढं वाचा

आमच्या आहार सल्ला केंद्राच्या फॉर्मवर उंची-वजन बरोबर येतं, पण कंबरेच्या रकान्यात बरेच जण पँटचा नंबर लिहितात. मग फोन करा, माप पुन्हा मागवा, यात तुमचा आहारतक्ता दोन-तीन दिवस लांबतो.

पँट पोटाखाली बसते. पोट सुटलं की पट्टा आणखी खाली सरकतो आणि नंबर तोच राहतो. ३४ इंच म्हणजे साधारण ८६ सेंमी. त्याच माणसाला टेप योग्य जागी लावली तर ९४ भरू शकते. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची मर्यादा ९० सेंमी आहे, स्त्रियांसाठी ८०. म्हणजे अर्थच बदलला. साडी नेसणाऱ्यांचं असंच परकराच्या नाडीमुळे होतं. नाडीच्या वळात टेप बसली की माप कमी येतं.

माप उघड्या अंगावर घ्या. कुशीत बोटं दाबून शेवटच्या बरगडीची खालची कड शोधा, पेनाने खूण करा. तसंच खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधून दुसरी खूण करा. टेप दोन्ही खुणांच्या बरोबर मधून न्यायची. बेंबी धरून मोजू नका, सुटलेल्या पोटाबरोबर तीही खाली उतरते. पाय जुळवा, हात सैल सोडा. टेप पाठीमागे खाली घसरते, म्हणून घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. ती अंगाला टेकावी, रुतू नये. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढलंत तर माप फुकट. वेळ सकाळची, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर. दोनदा मोजा. फरक १ सेंमीच्या आत असेल तर सरासरी लिहा, जास्त असेल तर दोन्ही मापं पुन्हा घ्या.

नितंबांचं माप सर्वांत रुंद भागावर घ्या. कंबरेला त्याने भागून पुरुषांत ०.९० किंवा स्त्रियांत ०.८५ च्या वर उत्तर आलं, तर चरबी पोटाकडे जास्त आहे. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी: उंची १६४, तर कंबर ८२ च्या आत.

‘वजन दिलंय, मग हे कशाला?’ असं रोज कुणीतरी विचारतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काटा हा फरक दाखवत नाही. पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी मधुमेहाकडे नेते, मांड्यांवरची त्या मानाने कमी त्रासाची. म्हणून कंबरेच्या मापाशिवाय आम्ही तक्ता देत नाही, कितीही घाई असली तरी.

गरोदरपणात, हर्निया असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर हे आकडे लागू नाहीत. तसं फॉर्मवर लिहा. माप मर्यादेबाहेर आलं तर उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, रिपोर्ट आम्हाला दाखवा.

जुनी कापडी टेप ताणलेली असते. स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. नाव नोंदवणाऱ्यांना आम्ही न ताणणारी फायबरची टेप देतो. घरी जमत नसेल तर सकाळी ७ ते ९ मध्ये केंद्रावर या. पहिलं माप मोफत आहे, आणि स्त्रियांचं माप वेगळ्या खोलीत आमच्या सहकारी ताईच घेतात.