फेरीचे पैसे मिळतात, ताटकळण्याचे नाहीत

१ जानेवारी २०२४ ला मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि नाशिकच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. राग होता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वर: अपघात करून, खबर न देता पळणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद. १ जुलैला संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. शिक्षेवर भरपूर बोलून झाले, पण चालक थकतो का, हे कुणी फारसे विचारले नाही.

पिंपळगावात कांदा भरायला सकाळी लागलेली गाडी कित्येकदा रात्री सुटते. चालकाचा भत्ता फेरीवर ठरलेला असतो, त्यामुळे तो दिवस फुकट जातो. व्यापाऱ्याला मात्र माल वेळेवर हवा असतो. गेलेला वेळ मग कसारा घाटात, झोप मारून भरून काढला जातो. वाटखर्चासाठी मिळणाऱ्या खर्चीतून उरेल ते आपले, म्हणून जेवणातही काटकसर आणि मुक्काम केबिनमध्येच. याला बेफिकिरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कायद्याला थकवा ठाऊक नव्हता असे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच चालकाच्या तासांना मर्यादा होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती दिली. तास मोजले, पण पैसे फेरीवरच राहिले. तास पाळले की कमाई घटते. मग ते पाळणार कोण? शिवाय हा कायदा किमान ५ कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक, म्हणजे देशातले बहुसंख्य, त्यातून सुटले.

अमेरिकेत १९८० मध्ये मालवाहतूक नियंत्रणमुक्त झाली, भाडी पडली आणि चालकांची कमाईही घसरली. तिथे अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर आणि सहकाऱ्यांनी पगार व अपघात यांचा संबंध तपासला. जे. बी. हंट या ट्रकवाहतूक कंपनीने १९९७ मध्ये चालकांचे वेतन सुमारे एक तृतीयांशाने वाढवले. अनुभवी माणसे आली, टिकली आणि अपघात कमी झाले.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. हे चांगलेच झाले. पण त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत, म्हणजे नव्या कामगार कायद्यात, विलीन झाला आणि ५ कामगारांची अट १० वर गेली.