ग्रॅव्हल बाईकची कार्बन व्हील: खोली, रुंदी अन् हूकचा घोळ आला कुठून

आजकाल संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या रुंद टायरच्या सायकली, बऱ्यापैकी दिसायला लागल्यात, अन् ज्यानं घेतली तो थोड्याच दिवसात कार्बन व्हीलसेटच्या, म्हणजे कार्बन फायबरच्या चाकांच्या जोडीच्या, मागं लागतोच. मग सुरू होतं, रिम 35 मिमी खोलीची (खोली म्हणजे टायरच्या बाजूपासून आसाकडं रिमची उंची) घेऊ का 45 ची, आतली रुंदी 23 का 25, हूकवाली (टायरची कड धरणारी चोच असलेली) का हूकलेस, तारा 24 का 28. आता गंमत अशी की हे आकडे कुणी एका जागी बसून ठरवलेले नाहीत. खोली आली डांबरावरच्या टाइम ट्रायलमधून, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवायच्या शर्यतीतून, रुंदी आली एमटीबी म्हणजे माउंटन बाईककडून, अन् हूक जाण्यामागं निम्मं कारण कारखान्यातल्या साच्याचं आहे. आपल्या मुरमाचा अन् खडीचा विचार यातल्या कशातच नव्हता.

तिरक्या, एकमेकींना छेद देणाऱ्या तारा इंग्लंडात जेम्स स्टार्लीनं 1874 ला आणल्या, आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीत आजबी तेच विणकाम असतं. रिम आधी लाकडाची नायतर स्टीलची. ॲल्युमिनियम आलं ते चोरून, 1934 च्या टूर द फ्रान्समधी अँटोनिन मान्यनं माव्हिक कंपनीची ड्युरॅल्युमिनची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) रिम लाकडाच्या रंगानं रंगवून वापरली, कारण नियमात लाकूडच चालायचं, अन् पठ्ठ्या टूर जिंकला बी. म्हणजे चाकाचं सामान अन् नियमाची भांडणं हे तेव्हापासूनचं आहे.

कार्बन फायबरचा सायकलशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. 1961 च्या सुमारास जपानात ओसाकाला अकिओ शिंदोनं ॲक्रिलिकच्या धाग्यापासून हा तंतू काढला, 1971 ला तोरे कंपनीनं तो विकायला काढला, अन् सुरुवातीला तो विमानं, गोल्फच्या काठ्या, मासेमारीच्या गळाच्या काठ्या यातच जात होता. सायकलवाल्यांचं डोकं फिरवलं 1984 नं. जानेवारीत इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरनं मेक्सिको सिटीत भरीव डिस्क चाकं लावून तासाभरात 50.808 किमी मारले अन् एडी मर्क्सचा 1972 चा तासाचा रेकॉर्ड मोडला, मग चारच दिवसांनी 51.151 केले. मग सगळ्यांना कळलं की हवा कापण्यात चाकाचा हात मोठा आहे. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटात स्टीव्ह हेडनं चाकांची कंपनी काढली, 1988 ला इंडियानापोलिसमधी झिप ही दुसरी सुरू झाली, अन् खोल रिमचं युग आलं. त्यातलं गिऱ्हाईक कोण, तर ट्रायथलॉनवाले अन् टाइम ट्रायलवाले, म्हणजे गुळगुळीत डांबर, 21-23 चा टायर, ताशी 45 चा वेग. खोलीचा जो फायदा आज दुकानदार सांगतो तो मुळात त्या वेगाचा आहे.

बरं, डांबर सोडून खराब रस्त्यावर ही चाकं टिकतील यावर कुणाचा विश्वासच नव्हता. पॅरिस-रुबे या शर्यतीच्या दगडी फरसबंदीवर 2010 पर्यंत जिंकणारे कार्बन रिम टाळायचे, त्या वर्षी फाबियान कँचेलारा झिपच्या कार्बन रिमवर जिंकला तेव्हा कुठं लोकांची भीती मोडली.

पण खरी अडचण रिम ब्रेकची होती. रबरी पॅड रिमलाच घासतं, घाटात रिम तापते, अन् कार्बन धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन उष्णतेनं मऊ पडतं. उतारावर सतत ब्रेक दाबला की कडा फुगायची, थर सुटायचे, पावसात तर ब्रेक लागायचाच नाही नीट. डिस्क ब्रेक आला अन् उष्णता रिमवरून रोटरवर, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीवर, गेली. रोड रेसमधी यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं 2015 ला चाचण्या सुरू केल्या, 2016 च्या पॅरिस-रुबेतल्या एका जखमेवरून थांबवल्या, अन् जुलै 2018 पासून कायमची परवानगी दिली. ग्रॅव्हलवाल्यांना हे नियम लागूच नव्हते म्हणून ते आधीच डिस्कवर गेले होते. रिमच्या बाजूला ब्रेक घासायची सपाट पट्टी ठेवायची गरज संपली, मग रिम पाहिजे तशी फुगीर अन् रुंद करता आली. माझ्या मते कार्बन व्हील खराब रस्त्यासाठी वापरण्याजोगं झालं ते या एका बदलानं, बाकी सगळं नंतरचं.

रुंदी अन् ट्यूबलेस मात्र एमटीबीकडून आलं. 1999 ला माव्हिकनं मिशलिन अन् हचिन्सनसोबत ट्यूबलेसचं यूएसटी मानक आणलं, नंतर टायरमधी सीलंट (भोक बुजवणारं द्रव) टाकायची पद्धत रुळली. पूर्वी रोडच्या रिमची आतली रुंदी 13 ते 15 मिमी असायची, त्यावर 40 चा टायर चढवला तर तो वरून फुगतो अन् खालून अरुंद, कमी हवेत वळणावर डुलतो. रुंद रिमवर टायरच्या भिंती सरळ उभ्या राहतात, हवा कमी ठेवता येते. म्हणून आज ग्रॅव्हलला 23 ते 27 मिमी.

हे सगळं एकत्र आलं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. 2006 ला एम्पोरिया गावातनं 200 मैलांची डर्टी कँझा ही शर्यत सुरू झाली, पहिल्या वर्षी जेमतेम 34 जण, आज तिचं नाव अनबाउंड. तिथली वाट चकमकीच्या धारदार खड्यांची, टायरच्या बाजू फाडणारी. मग 2019 ला शिमानोनं खास ग्रॅव्हलचा जीआरएक्स ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) काढला, 2022 ला इटलीत व्हेनेटोमधी पहिली यूसीआय ग्रॅव्हल वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, अन् प्रत्येक चाकवाल्यानं 'ग्रॅव्हल' नावाचा एक सेट बाजारात सोडला. त्यातले काही खरंच वेगळे आहेत, काही रोडचंच चाक स्टिकर बदलून.

आता हूक. टायरची कड अडकवायला रिमच्या आतल्या काठाला जी छोटी चोच असते ती हूक. साच्यात ही चोच काढणं किचकट, वेगळा भाग घालावा लागतो नायतर मशीननं कोरावं लागतं, अन् नेमकं तिथंच कार्बन पातळ होतं. सरळ भिंत ठेवली की साचा सोपा, काठ जाड, दगड बसला तर सहन करतो. गाडीच्या चाकाला तर हूक नसतोच. पण हूकलेसवर हवेची मर्यादा 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय, अन् टायरबी कंपनीनं मान्य केलेलाच पाहिजे. 2024 च्या यूएई टूर शर्यतीत टोमास दे खेंट या सायकलपटूचा टायर हूकलेस रिमवरून निघाला तेव्हा रोडवाल्यांत मोठा गदारोळ झाला. आपण 40-45 च्या टायरमधी 30-35 पीएसआय ठेवतो, त्यामुळं त्या भांडणातलं निम्मं आपल्याला लागू पडत नाही, टायरची यादी तेवढी बघावी.

आता आपल्याकडं या. जायकवाडीच्या कालव्याकडंचा मुरमाचा रस्ता, बालाघाटातले शिवरस्ते, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेली खडी, अन् कडेला बाभळीचे काटे अन् सराटे. तिकडं अमेरिकेच्या पश्चिमेला ज्या काट्यानं सायकलवाले रडतात तो आपला सराटाच. म्हणून ट्यूबलेस हवंच, फक्त एप्रिल-मे च्या उन्हात सीलंट लवकर आटतं, दर महिन्याला वाल्व्हमधनं तपासावं. खोलीचं म्हणाल तर वळवाच्या आधी वावटळ सुटते तेव्हा 50 ची रिम हँडल ओढून नेते, 30-35 भरपूर झाली. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर मात्र कुठलंच चाक चालत नाही, फोर्कमधी चिखल दाबून बसतो, सायकल खांद्यावर घ्यावी.

तारांवर लोक फारसं बोलत नाहीत, ते सगळ्यात महत्त्वाचं. ॲल्युमिनियमची रिम आऊट झाली की आपला मिस्त्री चावीनं आऊट काढून देतो, काठ वाकला तर पान्यानं सरळ करतो. कार्बन वाकत नाही, तडकतं. दगड बसला की चाक पुसून काठावरनं नख फिरवा, तारेच्या भोकापाशी सीलंटचा ओला डाग दिसतो का बघा. अन् घेताना साध्या वाकड्या डोक्याच्या तारा, बाहेरून फिरवता येणारे पितळी निपल (तार ताणायचे छोटे नट) असलेला सेट घ्या, 28 तारांचा असला तर उत्तम. निपल रिमच्या आत लपलेले असले की एका तारेसाठी टायर अन् टेप सगळं उतरवावं लागतं, अन् चपट्या खास मापाच्या तारा परभणीत काय, पुण्यातबी पटकन मिळत नाहीत.

राहिला भाव. चीनमधल्या शियामेन शहरात कार्बन रिमचे बरेच कारखाने आहेत, अन् तिथल्या काही कंपन्या गेली काही वर्षं थेट गिऱ्हाईकाला विकतात, त्यामुळं नावाजलेल्या ब्रँडच्या निम्म्या-पाऊण भावात 1400-1500 ग्रॅमचा सेट मिळतो. वाईट नसतात. फक्त किमतीत कस्टम ड्युटी धरा, अन् रिम तडकल्यावर बदलून देतात का, परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या.